फुलांची तारीख

दर वर्षी नारळी पौर्णिमा उलटली की माझ्याकडे फोन सुरू होतात. पुण्याची भाची, ठाण्याला बदली होऊन गेलेल्या जुन्या सहकारी, त्यांच्या शेजारणी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : “कासची फुलं कधी आहेत?” एखाद्या नाटकाचा प्रयोग कधी आहे असे विचारावे, तसे. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला ही तारीख ठाऊक असणारच, अशी त्यांची समजूत. गाडी ठरवायची असते, रजा टाकायची असते, मुलांच्या परीक्षा सांभाळायच्या असतात. बरीच वर्षे मी “सप्टेंबरच्या मध्यावर या” एवढे सांगून मोकळी होत असे. एका वर्षी भाची माझ्या शब्दावर आली आणि धुके, पाऊस व हिरवेगार गवत पाहून परत गेली. दहा दिवसांनी मामेभावाचा निरोप आला की सडा पिवळा झाला. “मावशी, तू ही तारीख सांगतेस तरी कशावरून?” भाचीने फोनवर चिडून विचारले. तिचा राग दोन दिवसांत निवळला. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

फुले पाहायला जाण्याचा बेत आखायचा, तर पहिले काम तारीख ठरवण्याचे. ती तारीख आजवर कोणी ठरवली, आणि कशाच्या आधारावर? मी वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही. तीसएक वर्षे पोस्टात नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी ग्रंथालयांतून जुनी पुस्तके चाळत बसले, एवढीच माझी तयारी. पण पोस्टात काम केलेल्या माणसाला तारखेचा शिक्का बघायची सवय असते. कागद कुठून आला आणि कधी निघाला, हे आधी पाहायचे, मजकूर नंतर. त्याच सवयीने मी फुलांच्या तारखा शोधू लागले, तेव्हा माझ्या हाती तीन निरनिराळ्या दिनदर्शिका लागल्या. एक गुराख्याची, एक वनस्पती गोळा करणाऱ्यांची आणि एक प्रवाशाची. या तिघांच्या इतिहासात कास पठाराचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहासही थोडाफार सापडतो.

सड्याचे चार महिने

आधी जागेविषयी सांगितले पाहिजे, कारण तारखेचे मूळ तिथल्या खडकात आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास उंचीवर कासचे पठार पसरले आहे. खाली काळा बसाल्ट आणि माथ्यावर जांभ्याची कठीण टोपी. अशा उघड्या कातळाच्या माळाला आमच्याकडे सडा म्हणतात. सड्यावर माती असते ती बोटभर, खळग्यांत साचलेली. झाडाला मुळे रोवायला जागा नाही, म्हणून झाडे नाहीत. उन्हाळ्यात हा माळ तव्यासारखा तापतो, आणि मे महिन्यात तिथे उभे राहिलेल्या माणसाला इथे कधी फूल उमलत असेल हे सांगूनही पटत नाही.

मृगाचा पाऊस पडला की हीच बोटभर माती जागी होते. पाणी मुरायला वाव नसल्यामुळे ते खळग्यांत साचते, आणि त्या साचलेल्या पाण्याच्या हिशेबाने एकेक वनस्पती आपला नंबर लावते. सुरुवातीला कंदांतून वर येणाऱ्या वनस्पती : मुसळी, दीपकाडी. डबक्यांत वायतुरा, ज्याच्या फुलांचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो. मग जमिनीवर उगवणाऱ्या आमरी. श्रावण सरता सरता गुलाबी तेरडा, पांढऱ्या बटणांसारखे गेंद आणि त्यांच्यात मिसळलेली निळीजांभळी सीतेची आसवे. शेवटी पिवळी सोनकी आणि कवला. माती इतकी निकस की काही वनस्पतींनी कीटक पकडून खाण्याचा मार्ग धरला आहे; दवबिंदू आणि सीतेची आसवे या त्यांपैकीच. नाजूक नावाच्या या फुलाची मुळाशी असलेली बारीक पिशवी पाण्यातले जीव गिळते, हे मला कळले तेव्हा गंमत वाटली आणि थोडे वाईटही.

या सगळ्यांचा जन्म, फुलणे, बी धरणे आणि मरणे चार महिन्यांत उरकते. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जातींची या परिसरात नोंद झालेली आहे, पण त्या एका दिवशी एकत्र कधीच भेटत नाहीत. म्हणजे “फुलं कधी आहेत” या प्रश्नातच चूक आहे. “कोणती फुलं?” हे आधी विचारायला हवे. आणि त्यांच्यातली टोपली कारवी तर वर्षाच्या हिशेबातच बसत नाही. टोपली उपडी घातल्यासारखी दिसणारी ही झुडपे सात वर्षांतून एकदा एकदम फुलतात. केरळातली नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २००६ नंतर ती २०१८ साली फुलली. अशा फुलांचा बेत आखणाऱ्याला आपले वयही हिशेबात धरावे लागते.

गुराख्याची दिनदर्शिका

माझे आजोळ जावळीच्या वरच्या अंगाचे. मामा चौथी शिकलेला. दहा-बारा म्हशी आणि थोडी नाचणी, वरी असा त्याचा संसार. पावसाळ्यात गुरे सड्यावर जायची. लहानपणी मी गौरी-गणपतीला आजोळी जायची, तेव्हा तेरडा आणायला मामाबरोबर वर चढायची. कोकणात आणि आमच्या घाटमाथ्यावर अनेक घरांत तेरड्याचीच गौर असते. मूर्ती नाही, मुखवटा नाही. मुळासकट उपटलेल्या रोपांची जुडी, तीच गौर. माळरानावरचे फूल पाहायला जाण्याची, ते घरी आणण्याची आणि त्यासाठी दिवस ठरवण्याची ही आपली सर्वांत जुनी आणि घरगुती रीत म्हटली पाहिजे.

पण इथेच एक अडचण आहे, जी मला फार उशिरा कळली. गौर येते ती भाद्रपद शुद्ध पक्षात, अनुराधा नक्षत्रावर. हा हिशेब चंद्राचा. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, म्हणून सण दर वर्षी मागे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातो. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. २०२३ साली, अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे, ती १९ सप्टेंबरला आली. दोहोंत अठ्ठावीस दिवसांचे अंतर. चार महिन्यांच्या सड्याला अठ्ठावीस दिवस म्हणजे जवळजवळ एक पिढी. एका गौरीला तेरडा नुकता कळीवर असतो, दुसऱ्या गौरीला तो वाळून सोनकी आलेली असते. “गणपतीत या, फुलं असतात” हा सल्ला म्हणूनच काही वर्षी अचूक ठरतो, तर काही वर्षी साफ फसतो.

मामा गणपतीवर कधीच भिस्त ठेवत नसे. तो म्हणायचा, “तुमच्या गणपतीवर जाऊ नगं, पोरी. उत्तरा लागली का बघ, मग सडा पिवळा हुतोय.” लहानपणी हे मला नुसते बोलणे वाटे. पुढे पंचांग वाचू लागले तेव्हा त्यातला हिशेब उलगडला. आपला शेतकरी पावसाची नक्षत्रे मोजतो ती चंद्राची नव्हेत, सूर्याची. सूर्य मृगात शिरतो तो ७-८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला, आणि मग साधारण तेरा-चौदा दिवसांनी एकेक : पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. पूर्वा ऑगस्टच्या ३०-३१ तारखेला लागते, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास आणि हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. या तारखा दर वर्षी जवळजवळ त्याच राहतात. सणावारांसाठी चंद्र आणि पेरणीसाठी सूर्य अशा दोन दिनदर्शिका एकाच घरात, एकाच भिंतीवर नांदत होत्या, आणि कोणत्या कामाला कोणती पाहायची हे चौथी शिकलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते.

मामा गेल्यावर घर आवरताना मांडणीच्या फळ्यांवर अंथरलेले कागद निघाले. ते भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांची पाने होती. मामा त्यांच्या चौकटींत दुधाचे माप लिहायचा, म्हैस कधी गाभण राहिली ते लिहायचा. आणि भाद्रपदाच्या आसपास कुठेतरी एकच शब्द : ‘पिवळं’. सापडलेल्या पानांत हा शब्द बहुधा उत्तरेच्या चौकटींजवळ होता. क्वचित पाऊस लांबलेल्या वर्षी हस्तापर्यंत गेलेला. तो त्याने का लिहिला, हे विचारायला आता तो नाही. मला वाटते, सोनकी फुलली म्हणजे पावसाचा जोर ओसरला, गवत कापायच्या तयारीला लागायचे, एवढाच त्याचा अर्थ असावा. फुलांची ती नोंद कामाची नोंद होती. मामेभाऊ कामाला मुंबईला गेला, म्हशी विकल्या, आणि त्यापुढच्या पानांवर ‘पिवळं’ दिसत नाही.

साहेबांच्या हंगामाबाहेर

दुसरी दिनदर्शिका कागदावर नीट उतरलेली आहे. वनस्पती गोळा करणारे अभ्यासक फांदी दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात : ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. पोस्टाच्या शिक्क्यासारखीच ही चिठ्ठी मला वाटते. अशा हजारो कागदांवरून ‘फ्लोरा’ नावाचे ग्रंथ तयार होतात, आणि त्यांत प्रत्येक वनस्पतीपुढे ती कोणत्या महिन्यात फुलते ते लिहिलेले असते.

मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर या परंपरेच्या आरंभी एक पोस्टातलाच माणूस भेटतो, याचा मला सूक्ष्म अभिमान आहे. जॉन ग्रॅहम हे मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची त्यांनी केलेली यादी १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि छापायची राहिलेली पाने जोसेफ निम्मो यांनी पुरी केली. आपल्या सोनकीला इंग्रजीत आजही ‘ग्रॅहमचा ग्राउंडसेल’ म्हणतात. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. गिब्सन हे पेशाने डॉक्टर, पुढे इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांनी इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तेही मूळचे अभियंता, मग पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि निवृत्तीनंतर लंडनच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी हे काम केले. पोस्ट, दवाखाना, रेल्वे. आपापली नोकरी सांभाळून ही माणसे फुलांकडे वळली. माझ्यासारखीला त्यांच्याविषयी जवळीक वाटते ती याचमुळे.

कुक यांच्या ग्रंथात गोळा करणाऱ्याच्या नावापुढे एक उद्गारचिन्ह असते. तो नमुना लेखकाने स्वतः पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या उद्गारचिन्हांच्या मागे लॉ, स्टॉक्स, वुड्रो ही नावे येतात, आणि मधूनच एखादे कानिटकर. वनस्पतींच्या नावांतही हीच माणसे वसली आहेत. कासच्या एका तेरड्याच्या शास्त्रीय नावात लॉ आहेत, टोपली कारवीच्या नावात रिची आहेत, तर एका गवताच्या संपूर्ण प्रजातीला पुण्याच्या भिडे यांचे नाव आहे. ज्यांनी या मंडळींना “साहेब, अमुक फूल तमक्या सड्यावर, मघा लागल्यावर” असे सांगून वाट दाखवली असेल, त्यांची नावे चिठ्ठीवर येत नाहीत. चिठ्ठीत त्यासाठी रकानाच नव्हता.

आता तारखांकडे पाहू. सातारच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी १८२९ साली करार करून गव्हर्नर माल्कम यांनी महाबळेश्वर घेतले आणि तिथे आरोग्यधाम वसवले. इलाख्याच्या सरकारचे वर्ष त्यानंतर ऋतूंप्रमाणे फिरू लागले : थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या महाबळेश्वरात जूनच्या मध्यानंतर थांबणे कुणाला शक्य नव्हते. बंगल्यांना गवताची झापे लावली जात, बाजार मिटत असे आणि पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, पुन्हा थोडी वर्दळ सुरू होई. सह्याद्रीच्या माथ्यावर येण्याचा सरकारमान्य हंगाम म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर. सडा फुलतो तो नेमका या दोहोंच्या मधल्या काळात, साहेब खाली उतरल्यावर!

अपवाद होते, भर पावसात घाट चढणारे संग्राहकही होते. तरीही हंगामाच्या या गणिताचा परिणाम झाल्यावाचून राहिला नसावा, असे मला वाटते, आणि त्यासाठी मी वायतुऱ्याचे उदाहरण देईन. साताऱ्याच्या सड्यांवरच्या डबक्यांत पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत फुलणारी ही वनस्पती. गुराख्यांच्या पायाखालची, रोजच्या पाहण्यातली. तिचे शास्त्रीय वर्णन मात्र प्रसिद्ध झाले १९८२ साली, सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या तीन अभ्यासकांच्या नावे. तिच्या नावात ‘सातारेन्सिस’ आहे. ग्रॅहम यांच्या यादीनंतर १४३ वर्षांनी साताऱ्याला आपल्याच डबक्यातले फूल कागदावर मिळाले. त्याआधी १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात उभे राहिले होते, महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्र शिकवणारी पिढी तयार झाली होती, आणि पावसाळ्यात एसटीने घाटमाथा गाठून गुडघाभर चिखलात उतरणारे विद्यार्थी आले होते. फुलांच्या वेळेला तिथे हजर असणारे लोक अभ्यासक झाले, तेव्हा फुलांच्या नोंदीतली पोकळी भरू लागली.

प्रवाशाची दिनदर्शिका

तिसऱ्या दिनदर्शिकेला वय फार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा साताऱ्यात कास म्हणजे पाणी, कारण गावाला पाणी येते ते कासच्या तलावातून. वर जाणारे जात ते बामणोलीच्या बाजूला, किंवा तलावाच्या काठी डबा खायला. फुले दिसत, पण केवळ त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईहून कोणी येत नसे. मग कॅमेरे स्वस्त झाले, घरोघरी गाड्या आल्या, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत रंगीत छायाचित्रे येऊ लागली. जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातली त्यांतली चार : कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिली तीन संरक्षित क्षेत्रे म्हणून आधीच ठाऊक होती. कास हा नुसता माळ, पण त्या वर्षापासून कासचे नाव सर्वांत जास्त घेतले जाऊ लागले.

गर्दी अशी लोटली की सड्यावर पायवाटांचे जाळे झाले. बोटभर मातीवर हजारो पावले पडली तर काय होते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तारेचे कुंपण घातले गेले, प्रवेश शुल्क आले, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आणि त्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आली. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी अशा भोवतीच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर व्यवस्था पाहू लागल्या. गावातल्या मुलामुलींना हंगामापुरते काम मिळाले. मर्यादा घातली नसती तर आज तिथे काय उरले असते, कोण जाणे. तेव्हा या व्यवस्थेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

कुंपणाबाबत मात्र दोन मते राहिली. कुंपणाने पठार पायांखालून वाचले, असे एक. कुंपणाने जनावरांची वाट अडली, चराई थांबली, उंच गवत माजले आणि त्याखाली बुटकी फुले गुदमरली, असे दुसरे. पुढे काही वर्षांनी कुंपण काढण्यात आले. हा वाद आपल्याच गावचा असे मी समजत होते, तोवर हिमालयातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’विषयी वाचनात आले. १९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती वाट चुकल्यासारखे त्या दरीत उतरले. फुलांनी भारलेले स्माइथ १९३७ साली केवळ फुलांसाठी पुन्हा आले आणि १९३८ साली त्यांच्या पुस्तकाने दरीला जगभर नाव मिळाले. खालच्या गावांतले मेंढपाळ तिथे पिढ्यान् पिढ्या कळप नेत होते. त्यांच्यासाठी ती दरी हरवलेली कधीच नव्हती. १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती दरीत पसरत गेली, आणि आता ती दर वर्षी माणसे लावून उपटावी लागते. ती चराई थांबल्यामुळे पसरली की आणखी कशाने, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण कास आणि ती दरी, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी घडली. ज्यांचे पाय तिथे कामासाठी रोज पडत होते ते मागे सरले, आणि जे वर्षातून एक दिवस येतात त्यांच्या सोयीने जागेचे वेळापत्रक ठरू लागले.

प्रवाशाची दिनदर्शिका शनिवार-रविवारची असते. तिच्यात उत्तरा नाही, पाऊस नाही, सुटी आहे. सप्टेंबरातल्या चार शनिवार-रविवारांवर सगळा भार येतो, कारण फुलांची ‘तारीख’ म्हणून तेवढेच दिवस सगळीकडे सांगितले जातात. जुलैतला वायतुरा आणि ऑगस्टातल्या आमरी पाहायला कोणी येत नाही. साहेबांचा हंगाम गेला आणि आपण आपला नवा हंगाम बसवला.

भेटीने ठेवलेली नोंद

मग बेत आखूच नये काय? इतिहास याचे उत्तर वेगळे देतो. जपानमध्ये क्योटो शहरात चेरीचा बहर कधी आला, याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. त्या कोणी शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या नाहीत. सम्राटाच्या दरबारी बहर पाहण्याची मेजवानी असे, सरदार आणि भिक्षू आपल्या रोजनिशीत त्या दिवसाचे वर्णन लिहीत. यासुयुकी आओनो या अभ्यासकाने त्या रोजनिशांतून तारखा वेचून काढल्या, आणि त्यांतून बाराशे वर्षांतल्या वसंताच्या उबेचा आलेख उभा राहिला. २०२१ साली तिथे पूर्ण बहर आला तो २६ मार्चला. इतक्या लवकर आल्याची नोंद त्याआधीच्या साऱ्या शतकांत नाही. हवामान बदलते आहे याचा हा एक बोलका पुरावा मानला जातो. तो हाती लागला तो फुले पाहायला जाण्याचा बेत आखणाऱ्या आणि तारीख लिहून ठेवणाऱ्या हौशी माणसांमुळे.

आपल्याकडे दर वर्षी हजारो माणसे कासला जातात, लाखो छायाचित्रे घेतात. त्यांतल्या प्रत्येक छायाचित्रावर यंत्राने तारीख उमटवलेली असते. ती आपण पुसली नाही आणि कोणत्या सड्यावर, कोणते फूल, एवढे शेजारी लिहिले, तरी तो वाळवलेल्या फांदीच्या चिठ्ठीइतकाच उपयोगी कागद होतो. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, असे सगळेच म्हणतात. किती बदलला आणि सोनकी किती दिवस सरकली, हे सांगायला मात्र तारखा लागतात. मामाने फळीवरच्या कागदावर लिहिलेला ‘पिवळं’ हा शब्द मी म्हणूनच जपून ठेवला आहे. एका माणसाच्या थोड्या वर्षांच्या नोंदीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण अशा शंभर मामांची पाने आज साताऱ्या-कोल्हापुराच्या घरांत फळ्यांवर अंथरलेली असतील, आणि घर आवरताना ती बंबात जातील, याची भीती वाटते. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी पाने असली, तर ती जाळण्याआधी एकदा भाद्रपदाच्या चौकटी वाचून पाहाव्यात.

आता फोन आला की मी तारीख सांगत नाही. आधी विचारते, कोणते फूल पाहायचे आहे. तेरडा, गेंद आणि सीतेची आसवे हवी असतील तर मघा-पूर्वेच्या संधीला, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस. पिवळा सडा हवा असेल तर उत्तरा लागल्यावर. आणि गर्दी नको असेल तर मधल्या वारी, सकाळी. जूनमध्ये पाऊस वेळेवर आला का, मध्ये खंड पडला का, हे पाहून आठवडा मागेपुढे धरायचा. एवढे करूनही धुके आले तर कातळावर गुपचूप बसून राहायचे. वारा सुटला की अर्ध्या तासात ते हलते. वाट सोडून एक पाऊलही आत टाकायचे नाही. आणि परत आल्यावर वहीत दोन ओळी लिहायच्या.

गेल्या वर्षी भाचीने तिच्या मुलीला आणले. नोंदणीच्या दिवशी सोनकी निम्मीच फुलली होती. पोरगी हिरमुसली, मग खळग्यातल्या पाण्यावर वाकून निळ्या आसवांचे दाणे मोजत बसली. घरी आल्यावर मी तिच्यापुढे भिंतीवरचे कॅलेंडर धरले आणि त्या दिवसाची चौकट दाखवली. तिने पेन्सिलीने लिहिले : ‘अर्धं पिवळं’.